पंधरा किलो सामान

मागच्या डिसेंबरात आम्ही घरचे सगळे अंदमानला गेलो. मी नांदेडला नोकरी करते, पण बॅगा भरायला लातूरच्या घरी आले. विमान हैदराबादहून होतं आणि माणशी १५ किलो सामान नेता येणार होतं. पलंगावर सनस्क्रीन, गॉगल, पाण्यात घालायच्या चपला, मोबाइलसाठी वॉटरप्रूफ पाऊच, शिवाय आईने केलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. माझ्या बॅगेचं वजन भरलं १७ किलो.

८५ वर्षांची आजी बाजेवर बसून बघत होती. म्हणाली, "काळ्या पाण्याला जायला एवढं भरायलीस?"

मी हसले, पण आजीच्या पिढीला अंदमान ठाऊक आहे ते याच नावाने. १० मार्च १८५८ रोजी २०० कैद्यांना घेऊन पहिलं जहाज तिथे पोचलं. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ जुलै १८५७ रोजी हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेन्सीवर हल्ला झाला. त्याच्या पुढाऱ्यांपैकी मौलवी अलाउद्दीन यांना काळ्या पाण्यावर पाठवलं, ते तिथेच वारले. ४ जुलै १९११ रोजी सावरकर तिथे उतरले. त्यांच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर सुटकेचं साल होतं, १९६०. परतीचं तिकीट म्हणायचं तर तेवढंच.

त्याच १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी लातूरपर्यंत आली. बार्शी ब्रिटिश मुंबई इलाख्यात, लातूर निजामाकडे. मधली ही हद्द पुढे फार महत्त्वाची ठरली.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, हैदराबाद संस्थान झालं नाही. रझाकारांच्या दहशतीमुळे मराठवाड्यातली अनेक कुटुंबं हद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडे गेली. आजी तेव्हा आठ वर्षांची होती. त्या रात्रीचं सामान तिला अजून पाठ आहे : एका जुन्या लुगड्यात बांधलेलं ज्वारीचं पीठ, मीठ-मिरची, तवा आणि एक घोंगडं. तिच्या आईने दाराला कुलूप घातलं, किल्ली काळ्या दोऱ्यात ओवली आणि आजीच्या गळ्यात अडकवली. बैलगाडीत आई एवढंच म्हणाली, "किल्ली हाय तवर घर हाय."

१३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई सुरू झाली, १७ तारखेला निजाम शरण आला. दिवाळीच्या सुमारास आजीचं कुटुंब परतलं. कुलूप जागेवर होतं. शेजारच्या मुस्लिम घराला मात्र कुलूपही नव्हतं आणि आत माणसंही नव्हती. कारवाईनंतरच्या हिंसाचारात अनेक मुस्लिम कुटुंबं मारली गेली, उजाड झाली. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांमध्ये उस्मानाबाद आणि नांदेडची नावं दिली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. शाळेत आम्ही १७ सप्टेंबरला झेंडावंदन केलं, पण त्या उघड्या दाराबद्दल मला पुस्तकातून नाही, आजीकडून कळलं. त्या घरात तिची एक मैत्रीण होती. ती निघताना काय घेऊन निघाली, हे आजीला कधीच कळलं नाही.

आजीची स्वतःची पिशवी भरली चार किलो. दोन लुगडी, गोळ्या, तांब्या. माझ्या बॅगेतून धपाटे आणि चटणीचा डबा काढून ती म्हणाली, "हे माझ्यात टाक. माझं काय वजन हाय!" मग विचारलं, "परतीचं तिकीट काढलंय नव्हं?"

मी मोबाइलवर दाखवलं. तिने चष्मा लावून तारीख वाचली.

सेल्युलर जेलमध्ये गाइड कोठड्यांच्या कड्या दाखवत होता. कडी दारापासून लांब, भिंतीतल्या कोनाड्यात सरकते. आतल्या माणसाने गजांतून कितीही हात ताणला, तरी तिथवर पोचू नये म्हणून. लोक सेल्फी काढत होते. आजीने कोनाड्यात हात घालून कडी चाचपून पाहिली. मग तोच हात गळ्याशी गेला. पोतीशेजारी काळ्या दोऱ्यात आमच्या लातूरच्या घराची किल्ली होती. निघताना कुलूप तिनेच लावलं होतं.