शार्डोने द्राक्ष: थंडीचा हंगाम, ओकच्या पिंपातील वाईन आणि परभणीसाठी विचार

शार्डोने हा फ्रान्सच्या बरगंडी भागातील पांढऱ्या वाईनचा वाण आहे. महाराष्ट्रात अकलूज (जि. सोलापूर) आणि नाशिक भागात त्याची लागवड आढळते. परभणी जिल्ह्यात लागवडीचा विचार करण्यापूर्वी या वाईनला कशा प्रकारचे द्राक्ष लागते, हे समजून घ्यावे.

थंडी का महत्त्वाची?

खाण्याच्या द्राक्षात थंडी लांबली की फुगवण थांबते आणि गोडी भरत नाही, अशी तक्रार असते. वाईनच्या द्राक्षात मात्र हळू पक्वता फायद्याची ठरते. मण्यातील मॅलिक आम्ल उष्णतेत, विशेषतः उबदार रात्रींत, वेगाने कमी होते. थंड हंगामात साखर सावकाश वाढते, आम्ल टिकते आणि सुगंधास वेळ मिळतो.

काढणीच्या वेळी साधारण अपेक्षा:
- साखर: 22 ते 23 ब्रिक्स
- आम्लता: लिटरला 6 ते 8 ग्रॅम
- सामू: 3.2 ते 3.4

पिंपातील प्रक्रिया

- काढणी पहाटे करावी. घड अखंड दाबून रस काढतात. 1 किलो द्राक्षापासून सुमारे 600 ते 650 मि.लि. रस मिळतो, 225 लिटरच्या पिंपासाठी साधारण 350 किलो द्राक्ष लागते.
- रस थंड ठेवून रात्रभर निवळू देतात, नंतर यीस्ट मिसळतात.
- फेसासाठी पिंपात वर जागा सोडतात. स्टीलच्या टाकीत 12 ते 16 अंश तापमान राखता येते. पिंपात ते 18 ते 22 अंशांपर्यंत जाते.
- पुढे जिवाणू मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. लोण्यासारखा वास येथूनच येतो.
- वाईन काही महिने यीस्टच्या गाळावर ठेवून अधूनमधून ढवळतात. त्यामुळे ती तोंडात भरीव लागते.

चव

थंड हंगामातील वाईनमध्ये लिंबू, हिरवे सफरचंद, नाशपाती आणि ठळक आंबटपणा जाणवतो. ओकमुळे व्हॅनिला व भाजल्याचा हलका वास मिसळतो. उष्ण हंगामात फळाचा स्वाद पिकलेल्या आंबा-अननसाकडे झुकतो. आम्ल कमी पडले तर हीच वाईन जड आणि सपक लागते. पिंप सुगंध देते, आम्ल देत नाही. ते बागेतूनच यावे लागते.

परभणीसाठी विचार

- नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर, तर परभणी सुमारे 400 मीटर उंचीवर आहे. परभणीत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्या थंड असतात, पण फेब्रुवारीच्या मध्यापासून ऊन झपाट्याने वाढते. त्यामुळे काढणी त्यापूर्वी होणे आवश्यक.
- त्यासाठी गोडी छाटणी लवकर घ्यावी लागते. मात्र परतीच्या पावसात केवड्याचा धोका वाढतो. घड घट्ट असल्याने भुरी व कुज यांवरही लक्ष ठेवावे.
- भारी काळ्या जमिनीत पाणी साचते व वेल माजतो. निचऱ्याची, मध्यम जमीन निवडावी.
- पक्वता केवळ ब्रिक्सवर ठरवू नये. आम्लता आणि सामूही तपासावा.

लागवडीपूर्वी वाईनरीशी दर, ब्रिक्स व उचल यांबाबत लेखी करार करावा. शार्डोनेचे मणी लहान व बियांचे असल्याने खाण्याच्या बाजारात त्याला मागणी नसते. करार नसेल तर लागवड टाळावी. करार असला तरी आधी थोड्या वेलींवर दोन-तीन हंगाम आम्लतेच्या नोंदी घ्याव्यात आणि मगच क्षेत्र वाढवावे.