सीक्यू वर्ल्डवाइड डीएक्स स्पर्धा

सीक्यू वर्ल्डवाइड डीएक्स स्पर्धा : हौशी रेडिओचालकांची, म्हणजे हॅम मंडळींची, जागतिक वार्षिक स्पर्धा. ‘सीक्यू’ या अमेरिकी मासिकाने ती १९४८ मध्ये सुरू केली. आवाजी संपर्काची फेरी ऑक्टोबरच्या आणि मोर्सची फेरी नोव्हेंबरच्या अखेरच्या पूर्ण शनिवार-रविवारी होते. प्रत्येक फेरी ४८ तासांची असून भारतात ती शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते. १६०, ८०, ४०, २०, १५ आणि १० मीटर हे सहा बँड खुले असतात.

संपर्कात एकमेकांना संदेशाचा शेरा आणि आपला विभाग क्रमांक सांगायचा असतो. जगाचे असे ४० विभाग आहेत. भारताची मुख्यभूमी २२ मध्ये येते. म्हणून मुंबईचा किंवा नागपूरचा स्पर्धक ‘फाइव्ह नाइन, टू टू’ म्हणतो आणि पुढच्या संपर्काकडे वळतो. दुसऱ्या खंडातील संपर्काला ३ गुण मिळतात. गुणांच्या बेरजेला, प्रत्येक बँडवर गाठलेले देश व विभाग यांच्या बेरजेने गुणतात. समजा, ६०० गुण आणि ८० गुणक जमले आहेत. एखाद्या बँडवर आधीच गाठलेल्या युरोपातील देशाशी तिथेच आणखी एक संपर्क झाला तर २४० ची भर पडते. तोच देश त्या बँडवर नवा, पण विभाग जुनाच असेल तर ८४३ ची. एका बँडवर ठाण मांडून बसणारा त्यामुळे मागे पडतो. यंत्राच्या ताकदीपेक्षा आयनांबराची, म्हणजे रेडिओतरंग परतवणाऱ्या वातावरणातील विद्युतभारित थरांची, जाण मोलाची ठरते, हे या स्पर्धेचे मोठेपण.

आयनांबर मात्र बेभरवशाचे. साडेपाचला मुंबईत अंधार असतो आणि ४० व ८० मीटरवर युरोप ऐकू येण्याची संधी असते. सूर्य वर आला की खालचा डी थर हे तरंग शोषू लागतो, म्हणून पहिला तास याच बँडना द्यावा. दिवसा १५ आणि १० मीटर पाहावेत. पण सौरडाग कमी असलेल्या वर्षांत १० मीटर दिवसभर मुका राहू शकतो.

सौरज्वाला उसळली तर पृथ्वीच्या उजेडातील बाजूचे बँड काही मिनिटांत निःशब्द होतात. यंत्र बिघडले समजून ॲंटेनाच्या तारा तपासण्यात वेळ घालवू नये. शोषण मोठ्या कंप्रतांवर आधी ओसरते, तेव्हा सर्वांत मोठ्या कंप्रतेच्या १० मीटरपासून ऐकत खाली यावे. भूचुंबकीय वादळ अधिक चिवट असते. तीन-तीन तासांनी निघणारा के निर्देशांक ५ किंवा त्याहून वर गेला की ते सुरू झाले असे मानतात. ध्रुवाजवळचे मार्ग आधी कोलमडतात आणि भारतातून उत्तर अमेरिकेकडे जाणारी सरळ वाट तिथूनच जाते. अशा वेळी आग्नेय आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया यांच्याकडे कान लावणे शहाणपणाचे.

संदेश चढत-उतरत असेल, तर तो वर येताच आपली संज्ञा (कॉलसाइन) एकदाच, स्पष्ट सांगावी आणि लगेच ऐकावे. गर्दीत ती सतत घोकणाऱ्याला उत्तर आलेलेही कळत नाही. ऐकण्याची ही शिस्त शंभर वॅटच्या साध्या संचालाही दूरचे देश मिळवून देते.

भारतात प्रक्षेपणासाठी दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. स्पर्धेनंतर पाच दिवसांत नोंदवही पाठवायची असते. नोंदवह्या परस्परांशी ताडून तपासल्या जातात. त्यामुळे वादळात दहाच संपर्क झाले असले तरी नोंदवही जरूर पाठवावी, समोरच्या दहा जणांच्या नोंदी पडताळायला ती उपयोगी पडते.