दृष्टिबाधित खेळाडूंची मानसिक वैशिष्ट्ये

दृष्टिबाधित खेळाडूंची मानसिक वैशिष्ट्ये : पूर्ण अंध व अल्पदृष्टी खेळाडूंची एकाग्रता, स्मरणशक्ती, भीतीवरील ताबा आणि जोडीदारावरील विश्वास यांचा विचार. एक इंद्रिय गेले की दुसरे आपोआप तीक्ष्ण होते, ही समजूत सरावाचे श्रेय हिरावून घेते. खेळाडूला माहिती कानाने मिळते, स्पर्शाने की दुसऱ्याच्या मदतीने, यानुसार हे गुण खेळागणिक वेगळे घडतात.

बुद्धिबळ : स्पर्शाचा व स्मरणाचा खेळ. पटावरील काळी घरे किंचित उंच असतात आणि मोहरी छिद्रांत खोचलेली असतात. खेळाडू आपल्या पटावर बोटे फिरवून डाव चाचपतो व चाल मोठ्याने सांगतो. मोहरे छिद्रातून उपसले तरच ते ‘हलवण्यासाठी स्पर्शिले’ असे धरतात. महाराष्ट्रात या खेळाच्या प्रसारात चारुदत्त जाधव यांचा वाटा मोठा आहे.

क्रिकेट : खुळखुळणारा चेंडू सरपटत येतो. गोलंदाज ‘रेडी?’ विचारतो, फलंदाजाने होकार दिल्यावर ‘प्ले’ म्हणत चेंडू सोडतो. फलंदाजाला त्या आवाजावरून दिशा व वेग क्षणात ठरवावा लागतो. संघात पूर्ण अंध (बी-१) व अंशतः दिसणारे (बी-२, बी-३) एकत्र असल्याने सतत बोलत राहणे हे सांघिक कौशल्य ठरते.

धावणे व पोहणे : टी-११ या पूर्ण वा जवळजवळ पूर्ण अंधांच्या गटातील धावपटू दोरीने वाटाड्याशी जोडलेला असतो, येथे विश्वास म्हणजे पावलाला पाऊल जुळणे. जलतरणात भिंतीवर आदळण्याची भीती मोठी. भिंत जवळ येताच काठावरचा साहाय्यक मऊ टोकाच्या काठीने स्पर्श करतो. त्या खुणेवर भरवसा असेल तरच वेग टिकतो. नागपूरच्या कांचनमाला पांडे यांनी २०१७ मध्ये मेक्सिको सिटीतील जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत एस-११ गटातील २०० मीटर मेडलेचे सुवर्णपदक मिळवले.

मल्लखांब : दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी अंध मुलींनाही मल्लखांब शिकवला. दोरीच्या मल्लखांबात दोर अंगाला सतत लागलेला असल्याने शरीराचा अंदाज स्पर्शातून बांधता येतो.

प्रशिक्षण : नंतर दृष्टी गेलेल्याला पाहिलेली हालचाल आठवते, जन्मांधाला ती प्रशिक्षकाच्या अंगाला हात लावून समजून घ्यावी लागते. मैदानाचा गोंगाट दोघांनाही जाचतो. कल्याण व मुंब्र्याकडून येणारे रस्ते मिळतात त्या शीळफाट्यावर कंटेनरच्या घरघरीत एकच आवाज वेगळा काढून पाहावा, म्हणजे अडचण कळते. १९४६ मध्ये युद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी आखलेला गोलबॉल १९७६ पासून पॅरालिंपिकमध्ये आहे. त्यात सर्व खेळाडूंचे डोळे झाकलेले असतात, चेंडूत घुंगरू असतात आणि म्हणूनच खेळ चालू असताना प्रेक्षकांनी गप्प राहायचे असते.