तेलाच्या जोडीला भुशाच्या कांड्या

अमेरिकेच्या ईशान्येकडील मेन राज्यात बरीचशी घरे ऊबदार राहतात ती तळघरातल्या तेलाच्या भट्टीवर. १९७३च्या तेलटंचाईने या सवयीला धक्का दिला आणि लाकडी शेगड्यांना पुन्हा दिवस आले. पेलेट स्टोव्ह आला १९८०च्या दशकात, तोही देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या वॉशिंग्टन राज्यातून. भुसा दाबून केलेल्या, जेमतेम ६ मिलिमीटर जाडीच्या कांड्या त्यातला मळसूत्री दांडा थोड्या थोड्या पुढे सारतो; पंखा जाळ फुलवतो. वीज गेली की सगळेच थंड, ही खरी मेख. २००८मध्ये कच्चे तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेले आणि घरोघरी हिशेब मांडले जाऊ लागले: टनभर कांड्या म्हणजे सुमारे ४५० लिटर तेलाची ऊब. मात्र स्टोव्ह तापवतो मुख्यतः स्वतःभोवतीची खोली. तळघरातले नळ गोठू नयेत म्हणून भट्टी लागतेच.