घोळ : व्यापारी मूल्य

घोळ हा ढोमा-कोथ यांच्या कुळातला मोठा सागरी मासा (प्रोटोनिबिया डायाकँथस). भारतात तो मुख्यतः पालघर, मुंबई आणि सौराष्ट्रालगतच्या समुद्रात मिळतो. लांबी मीटरभर सहज भरते. तुकड्या तळायला आणि कालवणाला तो चांगला, पण त्याचा भाव मांसावर ठरत नाही. ठरतो पोटातल्या हवेच्या पिशवीवर, म्हणजे बोतावर.

बोताचा व्यापार जुना आहे. एकोणिसाव्या शतकातही मुंबईहून वाळवलेली बोते चीनकडे जात. त्यांपासून निघणारा चिकट पदार्थ बिअर व वाइन नितळ करायला वापरतात. आजचे मोठे गिऱ्हाईक हाँगकाँग, सिंगापूर आणि चीनचे. तिथे बोताचे सूप पौष्टिक मानतात, जाड बोत भेट म्हणून देतात, काही जण सोन्यासारखे जपूनही ठेवतात. औषधी गुणांचे दावे मोठे, पुरावे तोकडे. भावाला त्याची फिकीर नाही. चीनचा बहाबा आणि मेक्सिकोचा टोटोआबा हे बोतासाठीच मारले जाऊन दुर्मीळ झाले, तशी मागणी घोळीसारख्या माशांकडे वळली.

लिलावात म्हणूनच वजनाआधी नर की मादी हे पाहतात. नराचे बोत जाड, त्यामुळे महाग. पोट चिरून बोत अखंड काढायचे, रक्त आणि पातळ पडदा सोडवून धुवायचे, मग वाळवायचे. फाटले की भाव पडलाच. 2018 मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावच्या होडीला मिळालेली सुमारे 30 किलोची एकच घोळ साडेपाच लाखांना गेली. ऑगस्ट 2021 मध्ये, पावसाळी बंदी उठल्यावर, त्याच गावच्या एका बोटीला 157 घोळी लागल्या आणि 1 कोटी 33 लाख रुपये आले, म्हणजे नगामागे सुमारे 85 हजार. अशा बातम्यांवरून सगळ्या किनाऱ्याच्या कमाईचा अंदाज बांधणे मात्र चुकीचे. बहुतेक होड्यांना वर्षभरात असे घबाड लागत नाही. सरकारी आकडेवारीतही घोळ बहुधा ढोम्यांच्या एकत्रित टनांत मिसळते, त्यामुळे तिच्या किमतीचा चढउतार त्या तक्त्यांत दिसत नाही.

घोळीला धोका तिच्या सवयीतच आहे. घोळी थव्याने एकत्र येतात आणि आवाज करतात, त्यामुळे थवा सापडला की एकाच फेरीत मोठे, पैदाशीचे मासे उचलले जातात. ऑस्ट्रेलियात हाच मासा ब्लॅक ज्यूफिश या नावाने विकला जातो. तिथे बोताचा भाव चढताच पकड झपाट्याने वाढली आणि 2019 मध्ये क्वीन्सलंडने पूर्व किनाऱ्यावरच्या व्यावसायिक पकडीला वर्षाला 20 टनांची मर्यादा घातली. भारतात घोळीसाठी असा वार्षिक कोटा नाही. गुजरातने नोव्हेंबर 2023 मध्ये तिला राज्यमासा केले. महाराष्ट्राने त्याच्या दोनच महिने आधी हा मान पापलेटला दिला होता.