फ्लॉपी गेली, चिन्ह उरले

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त रूढी लक्षणेचे उदाहरण म्हणून 'कुशल' हा शब्द घेतला आहे. मुळात कुश, म्हणजे दर्भ, तोडून आणणारा तो कुशल. पण आज एखाद्या कारागिराला कुशल म्हणताना दर्भाची आठवण कोणालाही होत नाही, आणि त्यावाचून अर्थाचे काही अडतही नाही. संगणकाच्या पडद्यावरील चिन्हांचा इतिहास चाळताना हे उदाहरण आम्हांला वारंवार आठवत राहिले.

'आयकॉन' ही संज्ञा संगणकाच्या संदर्भात आणली ती डेव्हिड कॅनफील्ड स्मिथ यांनी, स्टॅनफर्ड विद्यापीठातील आपल्या १९७५ च्या प्रबंधात. पुढे झेरॉक्स कंपनीच्या 'स्टार' या यंत्राच्या रचनेत त्यांचा वाटा होता. १९८१ साली आलेल्या या यंत्राच्या पडद्यावर कचेरीतले टेबलच मांडलेले होते : कोपरा दुमडलेला कागद, फाइल, आलेल्या आणि जाणाऱ्या टपालाचे ट्रे. ही चित्रे कोणा एकाच्या लहरीने ठरलेली नव्हती. चिन्हांचे चार निरनिराळे संच तयार करून ते लोकांपुढे ठेवण्यात आले. कोणते चित्र ओळखू येते, कोणते चटकन सापडते, हे तपासले गेले. अखेर पडद्यावर आली ती प्रामुख्याने नॉर्म कॉक्स यांची रेखाटने. शिवाय कागदाच्या आणि फाइलच्या चित्रावर तिचे नावही लिहिलेले असे. चित्र एकट्याने सारा अर्थ पोचवील, असा भाबडा विश्वास त्या मंडळींचा नव्हता; आम्हांला हे फार मोलाचे वाटते.

जानेवारी १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश आला. त्याची चिन्हे सुझन केअर यांनी रेखाटली, ३२ बाय ३२ ठिपक्यांच्या चौकटीत, केवळ काळ्या-पांढऱ्यात. मेनूमध्ये जागोजाग सफरचंदाचे बोधचिन्ह दिसू लागले तेव्हा स्टीव्ह जॉब्स यांनी हरकत घेतली. त्याऐवजी केअर यांनी चिन्हांच्या एका कोशातून चार कोपऱ्यांवर वेटोळी असलेला चौकोन शोधून काढला. स्वीडनमध्ये तो प्रेक्षणीय स्थळ दाखवण्यासाठी वापरीत. 'कमांड' या शब्दाशी त्याचे कसलेही साम्य नाही. तरीही तो चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकला. साम्य नसले तरी भलतेच काही सुचवण्याचा दोषही त्याच्यात नव्हता.

याच यंत्रावरील कचऱ्याच्या डब्याचे मात्र उलट झाले. चित्र सुरेख, पाहताक्षणी ओळखू येणारे. पण फ्लॉपी यंत्राबाहेर काढायची तर तिचे चित्रही ओढून त्याच डब्यात टाकावे लागे! कागद टाकला तर तो नष्ट होणार, फ्लॉपी टाकली तर ती सुखरूप हाती येणार. लक्षणेला मुख्यार्थाचा बाध लागतो तसाच तद्योग, म्हणजे मुख्यार्थाशी काही संबंधही लागतो. येथे बाध तेवढा होता. महिनाभराचे लेखन ज्याने त्या फ्लॉपीत ठेवले आहे, त्याचा हात डब्यापाशी थबकणारच. २००१ साली आलेल्या मॅक ओएस टेनमध्ये डिस्क ओढू लागताच डब्याचे चित्र बदलून बाहेर काढण्याची खूण दिसू लागली. एवढ्याशा दुरुस्तीला सतरा वर्षे लागली.

आणि फ्लॉपी? सोनीने जपानमधील तिची विक्री २०११ मध्ये थांबवली. आमच्या वर्गातील मुलांनी ती हाती धरलेली नाही, पण लेखन जतन करण्यासाठी अनेक ठिकाणी ती तिच्याच चित्रावर बोट ठेवतात. हे चित्र कालबाह्य झाले म्हणून बदलावे, अशी टूम अधूनमधून निघते. आम्हांला ती पटत नाही. दर्भ विसरला म्हणून 'कुशल' शब्द कोणी टाकून दिला नाही.

खरी अडचण आहे ती रूढ होण्याआधीच शब्दाचा आधार काढून घेतलेल्या चिन्हांची. आज मोबाइलवर मेनूसाठी दिसणाऱ्या तीन आडव्या रेघा कॉक्स यांनीच 'स्टार'साठी काढलेल्या होत्या. छोट्या पडद्यावर जागा वाचते म्हणून त्या परतल्या. पण त्या शोभेच्या नाहीत, दाबायच्या आहेत, हे कळावे कसे? आमच्या घरातील वडीलधारी माणसे बँकेच्या ॲपमध्ये नेमकी तेथेच अडली आणि पासबुक भरून घ्यायला पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. शेवटी आम्ही कागदावर तीन रेघा काढल्या, शेजारी 'मेनू' असे लिहिले आणि तो कागद मोबाइलच्या पाकिटात ठेवून दिला.