मोठ्या शस्त्रक्रियेनंतरचा आहार: फक्त ‘हलके’ खाणे पुरेसे नाही

पोटाची मोठी शस्त्रक्रिया होऊन रुग्ण घरी आला की पेज, वरणाचे पाणी, साबुदाण्याची खीर आणि नारळपाणी सुरू होते. हे पदार्थ पचायला सोपे असतात, पण त्यांत प्रथिने फार कमी असतात. कित्येक आठवडे एवढ्यावरच राहिल्यास टाके निघाले तरी अशक्तपणा जात नाही.

शरीरात काय घडते?
शस्त्रक्रियेच्या ताणामुळे कॉर्टिसोलसारखी संप्रेरके वाढतात. जखम भरण्यासाठी लागणारी अमिनो आम्ले शरीर स्वतःचे स्नायू मोडून मिळवते. अंथरुणात पडून राहिल्याने ही झीज वाढते. आहार अपुरा पडला तर जखम हळू भरते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

खाणे कधी सुरू करावे?
पूर्वी गॅस सरेपर्यंत रुग्णाला उपाशी ठेवत. आता बहुतेक रुग्णांना 24 तासांच्या आत तोंडाने पातळ पदार्थ देतात. नेमकी वेळ सर्जन ठरवतात. तोंडाने पुरेसे जात नसेल तर नळीने आणि आतडे काम करत नसेल तर शिरेतून पोषण देतात.

किती खावे?
साधारणपणे दर किलो वजनामागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने आणि 25 ते 30 कॅलरी लागतात. 60 किलो वजनाच्या व्यक्तीला 72 ते 90 ग्रॅम प्रथिने हवीत. पूर्ण आहार सुरू झाल्यावर दिवसभरात ती अशी मिळू शकतात (अंदाजे):
• 2 अंडी: 12 ग्रॅम
• 2 मोठे ग्लास दूध: 16 ग्रॅम
• 100 ग्रॅम पनीर: 18 ग्रॅम
• 2 वाट्या घट्ट वरण: 12 ग्रॅम
• 1 वाटी दही: 5 ग्रॅम
• 3 पोळ्या: 9 ग्रॅम
एकूण 72 ग्रॅम. पनीरऐवजी मासे किंवा चिकन चालेल. भूक कमी असल्यास दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खावे. तरीही कमी पडले तर डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रोटीन पावडर घ्यावी.

दही, डाळ, अंड्याने पू होतो का?
नाही. पू जंतुसंसर्गामुळे होतो. उलट हे पदार्थ बंद केल्याने जखमेला लागणारी प्रथिनेच कमी होतात.

हालचाल
नुसत्या खाण्याने स्नायू परत येत नाहीत. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दिवसातून तीन-चार वेळा घरातच चालावे आणि अंतर हळूहळू वाढवावे. चालल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोकाही कमी होतो. जड वस्तू उचलू नयेत.

कोणी विशेष काळजी घ्यावी?
मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. मधुमेहात साखर नियंत्रणात ठेवावी, कारण वाढलेल्या साखरेमुळे जखम चिघळू शकते. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला सालीची कडधान्ये आणि कच्च्या कोशिंबिरी टाळाव्यात. बरेच दिवस उपासमार झालेल्या रुग्णाचा आहार एकदम वाढवू नये. रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम धोकादायकरीत्या घटू शकते.

डॉक्टरांना लगेच कधी दाखवावे?
ताप, जखमेतून पू, सतत उलट्या, पोट फुगणे किंवा पोटरीला सूज आणि दुखणे असल्यास त्याच दिवशी दाखवावे. अचानक धाप लागल्यास किंवा छातीत दुखल्यास थेट रुग्णालय गाठावे. दर आठवड्याला वजन करावे. ते घटतच राहिले तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.